काका, मामा आणि चौ एन लाय



गेल्या अंकातली आमच्या अनारशांची फजिती वाचून बऱ्याच जणांनी फोन केले, सगळ्यांचे आभार. त्यातला एक फोन मात्र अनारशांचा नव्हता. आपल्याच मंडळातल्या एक वहिनी होत्या. आवाज दबलेला, बहुधा मुलगी शेजारच्या खोलीत असावी. "अहो, हिने युनिव्हर्सिटीला चायनीज घ्यायचं काढलंय. फार्मसीला सहज जाईल असे मार्क आहेत हो. तुमच्या धाकटीनं तेच केलं होतं ना? तिला सांगा, जरा हिला समजवायला."

समजवायला म्हणजे परावृत्त करायला, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. फोन तासभर चालला. फॉर्म जानेवारीत जायचा आहे. त्या तासात जे बोललो आणि जे बोलायचं राहिलं, ते सगळंच इथे लिहितो आहोत, कारण ही वेळ आज ना उद्या आणखी कुणाच्या तरी घरात येणारच.

आमच्या घरात ती २०१३ साली आली. तेव्हा आम्ही काही शहाण्यासारखे वागलो नव्हतो. आदल्याच वर्षी फी वर्षाला ९,००० पौंडांवर गेली होती आणि चिनी भाषेची पदवी चार वर्षांची, त्यातलं एक वर्ष चीनमध्ये. "एवढे पैसे घालून शेवटी चायनीज टेकअवे उघडणार आहेस का?" असं आमच्यापैकी एकजण बोलून गेला. कोण ते सांगत नाही, पण त्याने पुढचे तीन दिवस जेवणाच्या टेबलावर एकट्याने वरणभात खाल्ला.

पैशांचं आधी उरकून टाकू. बाहेरच्या वर्षाची फी बरीच कमी पडते. चिनीचा एक शब्द न येता प्रवेश मिळतो, पहिल्या दिवशी सगळे सारखेच अडाणी असतात. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास यांच्या जोडीनेही ती घेता येते. आम्हाला पुन्हा संधी मिळाली तर तसं सुचवू, पण सक्ती करणार नाही. पदवी हातात पडली की नोकरी दारात उभी असते, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमचीला पहिलं वर्षभर भाषेचं काम मिळालंच नाही. आता ती जहाजांतून माल पाठवणाऱ्या एका कंपनीत आहे आणि निंग्पोच्या बंदरातल्या लोकांशी आठवड्यातून दोन-तीनदा चिनीत हुज्जत घालते. पगार फार्मसिस्टपेक्षा कमी आहे. झालं पैशांचं.

आता अभ्यासाचं. पहिल्या सहा महिन्यांत आमच्या घराची पहिलीतल्या मुलाची खोली झाली. चौकोन आखलेल्या वह्या, आणि एकेक अक्षर वीस वीस वेळा गिरवणं. त्याच सुमारास आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. आजी म्हणाल्या, "एवढा कागद कशाला नासवतेस? पाटी आणा की हिला." कुणीतरी इंडियातून पाटी आणून दिली आणि आमची एकोणीस वर्षांची घोडी पाटीवर चिनी गिरवू लागली. फडक्याने पुसायची, पुन्हा लिहायची. आजी शेजारी बसून पोळीला कणीक मळत अक्षरांची चौकशी करायच्या. हे काय? हे घर. वर छप्पर आहे ना, त्याच्याखाली डुक्कर. आजींचे हात कणकेतच थांबले. "घरात? डुक्कर?" मग बाई आणि मूल एकत्र काढलं की 'चांगलं', आणि छपराखाली बाई बसवली की 'शांतता', हे ऐकून त्या म्हणाल्या, "ही अक्षरं काढणारा पुरुष असणार. घरात बसलेल्या बाईच्या मनात किती शांतता असते ते त्याला कुणी विचारलेलं दिसत नाही."

सगळीच अक्षरं अशी चित्रांची नसतात, हे सांगायला हवं. बहुतेकांचा एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. 'आई' या अक्षरात डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा असतो. घोड्याचा उच्चार 'मा', म्हणून. आईचा घोड्याशी बाकी काही संबंध नाही. नदी, तळं, समुद्र, अश्रू, तेल या सगळ्यांच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब. असे २१४ विभाग करून १७१६ सालच्या खांग्शी सम्राटाच्या कोशात सत्तेचाळीस हजारांवर अक्षरं लावलेली आहेत. घाबरू नका, चीन सरकारच्या २०१३ सालच्या प्रमाण यादीत ८,१०५ आहेत आणि त्यातली पहिली ३,५०० नेहमीच्या वाचनाला पुरतात. १९५० च्या दशकात चीनने बरीच अक्षरं सोपी केली. तैवान आणि हाँगकाँगने मात्र जुनीच ठेवली. आपल्याकडे मोडी मागे पडली आणि आज पणजोबांची कागदपत्रं घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत, तसं होऊ नये म्हणून विद्यापीठात दोन्ही वळणं वाचायला लावतात. शिवाय जुनी ग्रांथिक चिनीही असते. आमची म्हणायची, "आज ज्ञानेश्वरीचा तास होता." ज्ञानेश्वरी तिने वाचलेली नव्हती, पण आम्ही वाचताना अडखळतो हे तिने पाहिलेलं होतं.

उच्चारांचं मात्र आम्हाला आधी माहीत असतं तर टेकअवेचा टोमणा मारलाच नसता. त्या भाषेत चार स्वर असतात. एकच 'मा' चार चालींत म्हटला की आई, वाखाचं झाड, घोडा आणि रागावणं असे चार वेगळे शब्द होतात. ते सगळ्यांनाच कठीण, आपल्यालाही. पण व्यंजनांत आपली मुलं वर्गाच्या पुढे असतात. इंग्रजी मुलांना प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक ऐकूच येत नाही, आणि चिनीचा सगळा डोलारा नेमका त्याच फरकावर उभा आहे. १९५८ साली चीनने रोमन लिपीची जी पद्धत मान्य केली, तिच्यात 'बी' लिहिलेलं असलं तरी म्हणायचं 'प', 'डी' लिहिलं तर 'त', 'जी' लिहिलं तर 'क'. म्हणजे इंग्रज ज्याला बीजिंग म्हणतात ते खरं पेइचिंग. एवढंच काय, 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च असे आपले दोन च आहेत ना, तेही चिनीत वेगवेगळे आहेत. आमची वर्गात एकटी अशी होती की जिला ते दोन्ही पहिल्याच दिवशी आले. त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "आई, मराठीचा उपयोग झाला." हे वाक्य ऐकायला आम्ही अठरा वर्षं रविवारच्या मराठी शाळेत तिला ओढत नेत होतो आणि ते आलं ते चीनमार्गे!

यातला सगळ्यात मोठा फायदा आजोबांना झाला. १९६० च्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांत 'माओ त्से तुंग' आणि 'चौ एन लाय' अशी नावं छापून यायची. आजोबांनी तीच धरून ठेवलेली. आणि ती नावं त्यांच्या तोंडून यायची ती रागानेच. एकदा जेवताना त्यांनी "तो चौ एन लाय!" म्हणून भाकरीचा तुकडा ताटात आपटला, तर नात म्हणाली, "आजोबा, तुमचा उच्चार आमच्या सरांपेक्षा चांगला आहे." आजोबांना रागवावं की खुलावं ते कळेना.

हा राग हसण्यावारी नेण्यातला नव्हता. १९५४ चा पंचशील करार, भाई-भाईच्या घोषणा आणि मग २० ऑक्टोबर १९६२. आजोबा तेव्हा कराडला कारकून होते, नुकतंच लग्न झालेलं. कराडचे यशवंतराव मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, तेव्हा सगळ्या गावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. संरक्षण निधीसाठी सोनं गोळा होत होतं आणि आजींनी हातातली एक पाटली काढून दिली. एकच, कारण दुसरी गहाण होती. आजोबांनी नातीला हे सगळं सांगितलं नाही. ते फक्त आम्हाला म्हणाले, "तुमच्या आईची पाटली ज्यांच्यावर गेली, त्यांची भाषा." आणि पेपर उघडून बसले.

'आपला काय संबंध' हा प्रश्न वहिनींनीही विचारला. संबंध इतका आहे की कुठून सुरू करावं कळत नाही. चहा हा शब्दच तिकडचा. उलट तिकडच्या मोगऱ्याच्या जातीच्या फुलाचं 'मोली' हे नाव आपल्या 'मल्लिका'वरून गेलेलं, आणि 'छाना' म्हणजे आपला क्षण. शाकुंतलात दुष्यंताच्या मनाला कालिदासाने ज्या फडफडत्या ध्वजाची उपमा दिली आहे, तो चिनी रेशमाचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला म्हणून आपल्याला ते माहीत. पण पुण्याचे पु. वि. बापट कुणाला माहीत आहेत? फर्ग्युसन कॉलेजातले पालीचे प्राध्यापक. 'विमुत्तिमग्ग' नावाचा बौद्ध ग्रंथ आपल्याकडून नाहीसा झालेला, पूर्ण असा फक्त चिनी भाषांतरात उरलेला. बापटांनी तो चिनीतून वाचून पालीतल्या 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिला आणि १९३७ साली पुण्यातून पुस्तक प्रसिद्ध केलं. असे कितीतरी ग्रंथ आपले आहेत आणि वाचायचे तर चिनीच यावी लागते.

आणि इथल्या विद्यापीठांचं म्हणाल तर त्यांचा सुरुवातीचा हेतू काही फार उदात्त नव्हता. ऑक्सफर्डला १८७६ साली चिनीचे पहिले प्राध्यापक झाले जेम्स लेग, ते मिशनरी. केंब्रिजला १८८८ साली थॉमस वेड, ते वकिलातीतले. लंडनचं आजचं सोआस १९१६ साली स्थापन झालं ते साम्राज्याच्या चाकरांना पूर्वेकडच्या भाषा शिकवायला. तिथे एकेकाळी मराठीही होती, इयान रेसाइड हे मराठीचे अध्यापक होते. चिनीचा विभाग आहे, वाढला. यावर आम्ही काही बोलत नाही, कारण रविवारच्या आपल्या मराठी वर्गाला गेल्या सत्रात किती मुलं होती ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

तिसऱ्या वर्षी ती पेइचिंगला गेली. पहिला महिना रडण्यात गेला. शाकाहाराचा घोळ होताच. टोफू मागवला तर त्यावर खिमा पसरलेला. "मी शाकाहारी आहे" असं नुसतं सांगून चालत नाही, काय काय खात नाही त्याची यादी म्हणावी लागते. पण वसतिगृहातल्या बाई तिला रोज दटावून गरम पाणी प्यायला लावायच्या, तेव्हा तिला घरी असल्यासारखं वाटलं. थंड पाणी प्यायलीस तर पोट बिघडेल, ओले केस घेऊन बाहेर जाऊ नकोस. आजीच की!

नात्यांच्या धड्याला तर ती बसल्या बसल्या पास झाली. वडिलांचा भाऊ वेगळा, आईचा भाऊ वेगळा, आत्या निराळी, मावशी निराळी, मोठी बहीण आणि धाकटी बहीण यांना एक शब्द नाही. सगळ्यांना अंकल-आंटी म्हणणारी बाकीची मुलं कपाळाला हात लावून बसलेली, आणि ही मनात काका, मामा, आत्या, मावशी, ताई अशी जोडी लावत गेलेली. एका बाबतीत ते आपल्या पुढे आहेत. वडिलांचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत, आपण दोघांनाही काकाच म्हणून सोडून देतो. आकड्यांतही तसंच. ते दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी मोजतात, म्हणजे आपला लाख हा त्यांचे दहा 'वान'. हजारावरून एकदम मिलियनवर उडी मारणाऱ्या मुलांची तिथे दांडी उडते. कराडच्या जागेचा भाव लाखांत ऐकत वाढलेल्या मुलीची उडाली नाही.

पण आमच्या मनात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. एक दिवस तिथल्या बाईंनी सगळ्या परदेशी मुलांना फळ्यावर आपापलं नाव आपापल्या लिपीत लिहायला सांगितलं. कोरियन मुलीने लिहिलं, रशियन मुलाने लिहिलं, थाई मुलाने लिहिलं. आमचीने खडू घेतला आणि रोमन लिपीत लिहिलं. बाई म्हणाल्या, "हे इंग्रजी झालं. तुझं?" तिला देवनागरी अगदीच येत नव्हती असं नाही, पण नावातलं जोडाक्षर आठवेना. चिनीची दोन हजार अक्षरं हाताला होती आणि स्वतःच्या नावातलं एक जोडाक्षर नव्हतं. त्या रात्री तिचा फोन आला. चिडली होती. आमच्यावर, बाईंवर नाही. "तुम्ही मला जबरदस्तीने शिकवायला हवं होतं," म्हणाली. आणि आम्ही आठवत बसलो की रविवारी सकाळी ती पायऱ्यांवर बसून रडायची तेव्हा किती वेळा आम्ही म्हटलं होतं, जाऊ दे, आज राहू दे.

मग आजींनी पत्रातून धडे पाठवले. व्हॉट्सअ‍ॅप असताना पत्रातून, कारण आजींच्या मते गिरवायला कागदच हवा. आजही ती मराठी वाचते ते बोट ठेवून. हा अंक तिला पूर्ण वाचायला आठवडा लागतो आणि ती तो वाचते.

शेवटच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ग्रांथिक चिनीच्या तासाला ह्युएनत्संगाचं प्रवासवर्णन निघालं. हा भिक्षू सातव्या शतकात आपल्याकडे येऊन गेला. परत गेल्यावर ६४६ साली त्याचं पुस्तक पुरं झालं आणि त्यात महाराष्ट्रावर एक प्रकरण आहे. तिने ते फोनवर आजोबांना मोडक्या मराठीत सांगितलं. इथली माणसं साधी, उंच आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवून मगच घेतात. राजा पुलकेशी, हर्षालाही हटला नाही. आजोबा "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत ऐकत होते. मग ती पुढे सांगू लागली की लढाईआधी योद्धेही दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, तेव्हा आजोबा म्हणाले, "हे लिहायची काय गरज होती त्याला?" त्यातच एका डोंगरातल्या विहाराचं आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचं वर्णन आहे. ते अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. आजोबांनी ते तीनदा सांगायला लावलं.

दुसरी गोष्ट तिच्या प्रबंधाची. विषय होता १९६२ नंतर भारतातल्या चिनी कुटुंबांचं काय झालं. आसाम, दार्जिलिंग, कलकत्ता इथली, पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं, त्यातले कित्येक भारतीय नागरिक. सुमारे तीन हजार जणांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं, काहींना कित्येक वर्षं. त्यांना भारतात परके म्हणत आणि जे चीनला पाठवले गेले त्यांना तिथेही परके म्हणत. तिने हे आजोबांना सांगितलं. आम्ही समोरच होतो. आजोबांनी विचारलं, "बायका-पोरं पण?" ती हो म्हणाली. ते उठून गॅलरीत गेले. त्यांनी यावर पुढे कधी काही बोललं नाही आणि तिनेही पुन्हा काढलं नाही. मात्र त्यांच्या तोंडचा चौ एन लायचा राग तसाच राहिला, आणि तो राहावा असंच आम्हालाही वाटतं. त्या पाटलीचा हिशेब वेगळा आणि देवळीचा वेगळा.

वहिनींनी शेवटी विचारलं, आता फोनमध्येच भाषांतर होतं, मग शिकायचं कशाला? आम्ही तो प्रश्न धाकटीला विचारला. ती म्हणाली, निंग्पोचा माणूस जेव्हा 'बघू' म्हणतो तेव्हा फोन त्याचं भाषांतर 'बघू' असंच करतो. तो 'नाही' म्हणतोय हे फोनला कळत नाही. आपल्यालाही कळतं, कारण आपणही तसंच म्हणतो.

आणि तिने आणखी एक सांगितलं. इंग्रजीत 'वी' एकच. पण पेइचिंगकडच्या चिनीत दोन आहेत. 'वोमन' म्हणजे आम्ही, आणि समोरच्याला धरून बोलायचं असेल तर 'त्सान्मन', आपण. वर्गातल्या मुलांना हा फरक समजावताना बाईंचा अर्धा तास गेला. ही खिडकीबाहेर बघत बसली होती.

वहिनींच्या मुलीला घेऊन त्या येत्या रविवारी हॉलवर येणार आहेत. धाकटीही येते आहे. समजवायला नाही, नुसतं बोलायला. तसं आम्ही वहिनींना स्पष्ट सांगितलं आहे. पाटी सोबत आणते म्हणाली.